कुर्ल्याची गल्ली, अब्बांची पद्मिनी आणि गावचा रस्ता

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला उतरून कलिन्याकडे निघाले की सीएसटी रोड लागतो. मुंबईच्या आपल्या बहुतेक वाचकांनी तो बसच्या किंवा रिक्षाच्या खिडकीतून पाहिला असेल. दोन्ही बाजूंना दुकाने आणि दुकानांच्या बाहेर गाड्यांचे सुटे अवयव. कुठे नुसते दरवाजे एकावर एक रचलेले, कुठे बंपर दोरीला टांगलेले, कुठे गिअरबॉक्स आणि अॅक्सल यांचे काळे तेलकट ढीग. नावातले ‘सीएसटी’ म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनस असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो. ते खरे तर ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’चे लघुरूप आहे. तुर्भे ते अंधेरी अशी एक छोटी रेल्वे १९२८ साली इथून सुरू झाली होती. १९३४ मध्ये ती बंद पडली, रूळ गेले आणि नाव रस्त्याला चिकटून राहिले.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघा भावांनी या रस्त्यावर आणि त्याच्या मागच्या गल्ल्यांत जवळजवळ दोन आठवडे काढले. कारण होते आमच्या मरहूम अब्बांची प्रीमियर पद्मिनी.

गाडी १९८७ सालची. अब्बा तेव्हा कुवेतला नोकरीला होते. सुट्टीवर आले असताना त्यांनी ती घेतली आणि खेड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावी नेऊन उभी केली. गावातली ती पहिली मोटार. तीन वर्षांनी, २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तिथून लाखाहून अधिक हिंदी लोक अम्मानमार्गे विमानांनी परत आले, त्यांत अब्बाही होते. हातात एक बॅग होती. तिकडच्या बँकेतले पैसे, खोलीतले सामान, सगळे तिकडेच राहिले. कमाईतले डोळ्यांना दिसणारे उरले होते ते घराचे नवे छप्पर आणि अंगणातली पद्मिनी.

पुढची पंचवीस वर्षे ही गाडी आमची कमी आणि गावाची जास्त होती. रात्री-अपरात्री दारावर थाप पडे. कुणाला साप चावलेला असे, कुणाला कळा सुरू झालेल्या असत. अब्बा शर्ट अंगात घालत बाहेर येत आणि गाडी खेडच्या किंवा चिपळूणच्या दवाखान्याकडे निघे. पैशांचे त्यांनी कधी कुणाला विचारले नाही. कुणी पेट्रोल भरून दिले तर घेत, नाही दिले तर गप्प बसत.

२०१५ मध्ये त्यांची तब्येत बिघडली आणि आम्ही दोघांना मुंब्र्याला आणले. गाडीही आली. २०१९ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. त्यानंतर गाडी इमारतीखाली उभी ती उभीच. दर पाच वर्षांनी करायचे नोंदणीचे नूतनीकरण २०२२ मध्ये चुकले. टायर बसले, छतावर कबुतरांनी घर केले, आणि शेवटी सोसायटीची नोटीस आली की गाडी हलवा. भंगारवाला २२,००० रुपये द्यायला तयार होता. आमच्यातल्या धाकट्याचे मत होते की देऊन टाकावी. थोरल्याचा जीव होत नव्हता. अम्मी काही बोलत नव्हत्या. फक्त एकदा म्हणाल्या, “गावाला एकदा त्याच गाडीनं गेले असते.”

त्या एका वाक्यावर आम्ही कामाला लागलो.

गाडी टो करून आधी एका चकचकीत गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने लॅपटॉप घेऊन बोनेट उघडले, आत बघितले आणि लॅपटॉप मिटला. दोन दिवसांनी अंदाजपत्रक आले, ८५,००० रुपयांचे. पूर्ण वायरिंग नवीन, स्टेअरिंगला ‘अॅडजस्टमेंट’, वर रंगकाम. स्टेअरिंगमध्ये नेमका बिघाड काय, हे विचारल्यावर उत्तर मिळाले, “जुन्या गाडीत एवढा प्ले असतोच.”

आम्हाला बिघाड माहीत होते, कारण सोसायटीच्या आवारात गाडी ढकलताना ते दिसले होते. स्टेअरिंगचे चाक चांगले चार बोटे फिरवले तरी पुढची चाके जागची हलत नव्हती. डावीकडे वळवले की हॉर्न आपोआप वाजे आणि थांबत नसे. इंडिकेटर मुके होते. गिअरचा दांडा, जो पद्मिनीत स्टेअरिंगलाच असतो, तो पिकलेल्या फांदीसारखा खाली लोंबत होता. हेडलाईट लावले की मशिदीतल्या जुन्या चिमणीएवढा उजेड पडे.

गाडी तिथून काढली आणि कुर्ल्यात आलो. एका टॅक्सीवाल्या शेजाऱ्याने सांगितले होते की सीएसटी रोडच्या मागे एक उस्ताद आहेत, आयुष्यभर फक्त पद्मिनी केल्यात. गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर एकाने मागे सरावे. उस्तादांचे गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. वय सत्तरच्या पुढे, मूळ गाव सोलापूरकडचे. मराठी बोलता बोलता मध्येच दखनीवर जायचे.

“प्रीमियरचे मालक वालचंद हिराचंदसुद्धा सोलापूरचेच,” ते हसून म्हणाले. “कारखाना काढला कुर्ल्यात. मीही सोलापूर सोडून कुर्ल्यातच आलो. फरक एवढाच, ते बनवायचे, मी खोलतो.”

ते खरेच आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून तिने इथे ११०० डिलाईट बनवायला घेतली. तीच गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली. पुढे काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की हीच गाडी डोळ्यांसमोर येऊ लागली. आता कुर्ल्यात त्या कारखान्याची आठवण प्रीमियर रोड या नावापुरती उरली आहे. पण मालकाने टाकलेल्या गाड्या आणि त्यांचे अवयव अजून त्याच कुर्ल्याकडे परत येतात.

उस्तादांनी पहिल्या दिवशी काहीही खोलले नाही. बॅटरीची तार काढली आणि म्हणाले, “स्टेअरिंगच्या नळीत हात घालायचा तर आधी बॅटरी सोडायची. आत तारा असतात. एक ठिणगी पुरते.” मग एका पोराला चाक डावी-उजवी हलवायला बसवले आणि स्वतः खड्ड्यात उतरून बॅटरीने, म्हणजे हातातल्या टॉर्चने, एकेक सांधा बघत राहिले. आम्हालाही खाली बोलावले.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी हे थोडे सविस्तर सांगतो. पद्मिनीत स्टेअरिंगच्या चाकापासून एक लांब दांडा खाली जातो आणि स्टेअरिंग बॉक्समध्ये शिरतो. तिथे दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. त्या आट्यांमुळे चाकाचे गोल फिरणे बॉक्सच्या खालच्या एका आखूड दांडीचे मागे-पुढे हलणे होते. या दांडीला गॅरेजवाले ड्रॉप आर्म म्हणतात. पुढचे आडवे रॉड आणि त्यांच्या टोकांचे बॉल जॉइंट हे हलणे दोन्ही चाकांपर्यंत नेतात. म्हणजे चाक ढिले वाटले तर दोष बॉक्सच्या आट्यांत असू शकतो, बॉल जॉइंटमध्ये असू शकतो, किंवा बॉक्सचे बोल्टच सैल असू शकतात. बॉक्सवर एक अॅडजस्ट करायचा स्क्रू असतो. अनेक जण तोच पिळून मोकळे होतात. त्याने प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, पण आटे मध्यावर घासू लागतात, चाक वळवल्यावर आपोआप परत येत नाही, आणि खरा दोष तसाच राहतो.

आमच्या गाडीत दोन बॉल जॉइंट गेले होते आणि बॉक्सचा एक बोल्ट सैल होता. एवढे असते तर काम दोन दिवसांचे होते. पण उस्ताद ड्रॉप आर्मपाशी थांबले. त्यावरची काळी ग्रीस त्यांनी चिंधीने पुसली आणि बोट फिरवले.

“ये देखो. इसको किसी ने वेल्डिंग मारा है.”

दांडीच्या मधोमध एक जाड, ओबडधोबड शिवण होती. रंग फासून झाकलेली.

पुलर लावून त्यांनी दांडी बाहेर काढली, घासलेटच्या डब्यात बुडवली आणि चहा मागवला. चहा संपल्यावर दांडी कोरडी पुसून तिच्यावर खडूची पूड लावली. पाच-सात मिनिटांत पांढऱ्या पुडीवर, शिवणीच्या अगदी कडेला, एक ओली रेघ उमटली. केसाएवढी. आत मुरलेले घासलेट त्या फटीतून बाहेर येत होते.

“ही फट अर्ध्यापर्यंत गेलेली,” उस्ताद म्हणाले. “घाटात तुटली असती तर चाक हातात फिरत राहिलं असतं आणि गाडी सरळ गेली असती.”

आम्ही विचारले, परत वेल्डिंग करून नाही का भागणार? खर्च वाढत चालला होता आणि नवी दांडी कुठे मिळणार, हा प्रश्नही होता. उस्तादांनी दांडी बाकावर ठेवली. “दरवाजाला वेल्डिंग करीन, पत्र्याला करीन, सायलेन्सरला करीन. स्टेअरिंगला आणि ब्रेकला नाही. हे लोखंड ठोकून, ताव देऊन घडवलेलं असतं. वेल्डिंगच्या आगीनं त्याचा ताव जातो. वरून मजबूत दिसतं, शिवणीच्या कडेला ठिसूळ होतं. मला पैसे द्या, नका देऊ, पण ही दांडी लावून मी गाडी बाहेर सोडणार नाही.”

त्या रात्री घरी हे सांगताना आमचा सूर थोडा चढलाच होता. कोणत्या बेजबाबदार माणसाने हे केले असेल, अशी भाषा आम्ही वापरत होतो. अम्मी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या अब्बांनीच करून घेतलेलं ते.”

मग त्यांनी सांगितले. १९९६ चा पावसाळा. गावातल्या एका बाईला अडलेली म्हणून अब्बांनी रात्री चिपळूणला नेले. बाई सुटली, बाळ ठीक होते. परत येताना खचलेल्या रस्त्यात पुढचे चाक गेले आणि ती दांडी वाकून तडकली. नाक्यावरच्या वेल्डरने ती सरळ करून जोडून दिली. मुंबईला जाईन तेव्हा नवी आणीन, असे अब्बा म्हणाले होते. पण त्याच महिन्यात आमच्यातल्या थोरल्याचे अकरावीचे आणि धाकट्याचे आठवीचे पैसे भरायचे होते. वसतिगृहाचे वेगळे. कुवेतचे पैसे केव्हाच संपले होते.

“मला म्हणाले होते, कुणाला सांगू नकोस, पोरं घाबरतील. मी जपून चालवतो.”

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. अब्बा गाडी कधी पन्नासच्या वर नेत नसत. मागून एसटी हॉर्न मारी, रिक्षासुद्धा पुढे जाई. आम्ही मागच्या सीटवर बसून हसायचो. कॉलेजच्या वयात तर थोरला एकदा म्हणाला होता, “अब्बा, बैलगाडी घेतली असती तर स्वस्त पडली असती.” अब्बाही हसले होते.

धाकट्याने त्यानंतर भंगाराचा विषय काढला नाही.

दांडीचा शोध तीन दिवस चालला. सीएसटी रोडवर आम्ही दुकानामागून दुकान पालथे घातले. इथली रीत अशी की तुम्ही जुना भाग हातात घेऊन जायचे. नाव सांगून उपयोग नाही, कारण एकाच भागाला चार दुकानांत चार नावे. दुकानदार हातातला भाग बघतो, आत पोराला ओरडतो, पोरगा ढिगावर चढतो. कधी तासाभराने तसाच भाग निघतो, कधी अॅम्बॅसडरचा निघतो. एका दुकानात हवी तशी दांडी निघाली, पण ती आतून खड्डे पडल्यासारखी गंजली होती. उस्तादांनी ती दाराबाहेरूनच परत पाठवली. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीचे पाणी या भागात शिरले होते. तेव्हा बुडालेला माल कुठल्याशा कोपऱ्यात अजून निघतो, असे ते म्हणाले.

शुक्रवारी पहाटे त्यांनी आम्हाला चोर बाजारात धाडले. मटन स्ट्रीटची नेहमीची दुकाने जुम्याला बंद असतात आणि त्या दिवशी आसपासच्या गल्ल्यांत जमिनीवर बाजार भरतो. फजरनंतर लगेच पोहोचलो तेव्हा अंधारात टॉर्चच्या उजेडात सौदे चालले होते. तिथे दांडी नाही मिळाली. पण इंडिकेटरचा अस्सल जुना स्विच मिळाला, ३५० रुपयांत.

दांडी शेवटी मिळाली ती कुर्ल्यातच, उस्तादांच्या ओळखीच्या एका टॅक्सी तोडणाऱ्याकडे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. त्या गाड्या तुटल्या तेव्हा ज्यांनी चांगले भाग निवडून बाजूला ठेवले त्यांच्यामुळे आज आमच्यासारख्यांची कामे होतात. त्या माणसाने गोणपाटातून तीन दांड्या काढल्या. उस्तादांनी तिन्ही घासलेटात बुडवल्या, तिघींना खडू लावला. एक नापास झाली. उरलेल्या दोनपैकी जिचे आटे ताजे होते ती घेतली. १,८०० रुपये. विकणाऱ्याने नापास झालेली दांडी उचलून न बोलता भंगाराच्या पोत्यात टाकली. हे आम्हाला फार आवडले.

आमची जुनी दांडी उस्तादांनी ग्राइंडरने मधोमध कापली. “पूर्ण ठेवली तर कुणीतरी रंग मारून परत विकेल,” ते म्हणाले. दोन्ही तुकडे त्यांनी आमच्या हातात दिले.

स्टेअरिंग झाल्यावर वायरिंग. हे काम उस्तादांचा भाचा करतो. हॉर्नचे कोडे आधी सुटले. हॉर्नची तार स्टेअरिंगच्या दांड्याच्या पोटातून वर बटणापर्यंत जाते. बटण दाबले की ती लोखंडाला टेकते आणि हॉर्न वाजतो. आमच्या तारेचे वेष्टण इतक्या वर्षांच्या फिरण्याने झिजले होते. डावीकडे वळवले की उघडी तार आपोआप लोखंडाला टेकायची. चार फूट तारेचे काम होते. लोंबता गिअर दांडाही तसाच. झिजलेले बुश बदलले आणि तो ताठ झाला.

हेडलाईटसाठी त्या मुलाने मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि दिव्याच्या टोकाला ११ सुद्धा नाही. घरात विजेला जायला एक आणि यायला एक अशा दोन तारा लागतात. गाडीत जाणारी तार एक आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. कोकणच्या खाऱ्या हवेने ते अंग जिथे तार जोडली होती तिथेच गंजले होते. वीज परत यायला वाट नव्हती, म्हणून दिवे मंद. त्याने गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकवले, नवी अर्थिंगची तार बसवली, वर ग्रीस लावली. शिवाय एक रिले घातला, कारण दोन्ही हेडलाईट मिळून आठ-दहा अँपिअर ओढतात आणि एवढा भार जुन्या स्विचमधून गेला की स्विच तापतो. पूर्ण वायरिंग बदलावी लागली नाही. फक्त जिथे वेष्टण कडक होऊन तडकले होते तेवढ्या तारा बदलल्या.

डॅशबोर्डखाली हात घातल्यावर त्याला एक जास्तीची तार सापडली. बॅटरीपासून थेट मागच्या सीटच्या वर गेलेली, मध्ये फ्यूज नाही, आणि जोडांवर वायरिंगची टेप नसून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. ती कुणी लावली हे आम्हाला विचारावे लागले नाही. मागे रुग्ण असला की अब्बा तिथे एक छोटा दिवा लावत, म्हणजे सोबतच्या बाईला त्याचे तोंड दिसे. ती तार तशीच राहू द्यावी, असे आम्ही म्हणालो. भाचा उस्तादांकडे बघू लागला.

“बेटा, फ्यूज नसलेली तार लोखंडाला टेकली तर काही सेकंदांत लाल होते. सीटमध्ये काथ्या भरलेला आहे.” उस्तादांनी आवाज चढवला नाही. “दिवा ठेवू. तार नवी, फ्यूज लावून.”

तसेच केले. दिवा तोच आहे.

मजुरी झाली ९,५०० रुपये. सगळे भाग, टायर आणि बॅटरी धरूनही ८५,००० च्या निम्म्याच्या खूप खाली आटोपले. पुढे आरटीओची तपासणी, पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरण फी, उशिराचा दंड, पर्यावरण कर. चार खेपा झाल्या, पण काम झाले.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी फजर पढून आम्ही निघालो. अम्मी पुढे बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. मुंब्रा, शिळफाटा, तळोजा, पनवेल. पेणपर्यंत चाकाच्या पकडीची सवय होईना. बोटभर फिरवले की गाडी लगेच ऐकत होती. आयुष्यभर आम्ही या गाडीला ढिलीच समजत आलो होतो.

महाडला सावित्रीच्या नव्या पुलावर गाडी हळू केली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसेससह माणसे वाहून गेली. त्या पुलावरून आम्ही शेकडो वेळा गेलो होतो. अब्बाही गेले होते, तीच दांडी घेऊन. अम्मींनी दुआ केली. कोणी काही बोलले नाही.

पोलादपूरनंतर कशेडी. आता बोगदा आहे, बहुतेक गाड्या तिकडून जातात. आम्ही मुद्दाम जुना घाट धरला. दुसऱ्या गिअरमध्ये पद्मिनी आपल्या चालीने चढली. वळणावर चाक फिरवावे आणि वळण संपताच ते हातातून आपोआप परत सरळ यावे, हे सुख ज्यांनी जुनी गाडी चालवली आहे त्यांनाच कळेल. उतारावर थोरल्याने काटा बघितला. पंचेचाळीस. वाढवावा असे त्याला वाटले नाही.

भरणे नाक्यावर चहा घेतला आणि खाडीच्या रस्त्याला लागलो. गावात शिरताना हॉर्न दिला, पूर्वी अब्बा देत तसा, दोनदा. शेजारच्या चाची ओटीवर आल्या आणि गाडी बघून पदर तोंडाला लावला. संध्याकाळपर्यंत अंगण भरून गेले. एक तरुण मोटारसायकलवरून आला. त्याला आम्ही ओळखत नव्हतो. त्याने अम्मींना सलाम केला, गाडीच्या मागच्या दाराला हात लावला आणि म्हणाला, “मी ९६ चा. माझी आई सांगते, तुमच्या गाडीनं गेली होती.”

अम्मींनी त्याला बसवले. तांदळाची भाकरी आणि खाडीच्या कोळंबीचे कालवण समोर ठेवले. दांडीचे त्यांनी त्याला काही सांगितले नाही, आम्हीही नाही.

वाचकांना आमचे सांगणे एवढेच. घरात वडिलांची जुनी गाडी असेल, स्कूटर असेल, तर ती ठेवा किंवा काढा, तो ज्याच्या-त्याच्या ऐपतीचा प्रश्न. पण चालवणार असाल तर एकदा जाणत्या माणसाकडून खालून तपासून घ्या. स्टेअरिंगचा सांधा वेल्डिंगचा असेल तर बदला. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक तारेला फ्यूज आहे का ते बघा. जो कारागीर ‘हे मी करणार नाही’ असे म्हणतो, त्याच्याशी पैशांवरून वाद घालू नका. तो तुमच्या भल्याचे बोलत असतो.

कापलेल्या दांडीचा एक तुकडा उस्तादांच्या बाकावरच राहिला. दुसरा आम्ही गावी नेला होता. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो आणि ओटीचे दार आपटते. अम्मींनी तो तुकडा दाराला लावला आहे. दार आता आपटत नाही.